मावशीचा बडग्या

गोपिका चालायची ती मान खाली घालून. सावनेरात लोक म्हणत, "बापूजीची पोट्टी भल्ली गरीब गा, मान वर करून कोणाकडे पाहत नाही." हे ऐकून बापूजींची मान आपोआप वर व्हायची. खरी गोष्ट अशी होती की मान खाली असली म्हणजे रस्त्यात पडलेलं नीट दिसतं. बैलाच्या खुरातून निसटलेली पत्री, कापसाच्या जिनिंगच्या यंत्रातून बाद झालेली दातेरी चकती, खाणीच्या ट्रकमधून सांडलेला, उन्हात निळा चमकणारा कोळशाचा खडा. सापडेल ते फ्रॉकच्या खिशात जाई. खिसा फाटला की आईचा हात पाठीवर येई. गोपिका पाठ पुढे करी आणि मूठ मागे लपवी.

हीच गोपिका बहात्तर साली नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात आली. बापूजींचं गणित सोपं होतं. पोरगी ड्रॉइंग टीचर होईल, सावनेरच्याच शाळेत लागेल, दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला येईल. राहायची सोय सक्करदऱ्याला सख्ख्या मावशीकडे झाली.

या तुळसाबाई मावशीबद्दल आधी आवाज सांगावा लागतो, बाई नंतर. त्या तलावाच्या या काठावर बोलल्या की पलीकडच्या काठावर कपडे आपटणारा धोबी "ओ" द्यायचा आणि मग आपल्याला कशाला बोलावलं म्हणून विचारात पडायचा. मावशीच्या हाकांना पायऱ्या होत्या. पहिली हाक "गोपेऽ", म्हणजे चहा झाला. दुसरी "गोप्येऽऽऽ", म्हणजे चहा थंडा होऊन राहिला. तिसरी हाक मोहल्ल्यात कोणी ऐकली नव्हती, कारण तिसरीची पाळी यावी इतकी हिंमत कोणात नव्हती. मावसाजी तर पहिलीतच उठून उभे राहायचे आणि "बरं" म्हणायचे. काय बरं, ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

कॉलेजात मूर्तिकलेला पांढरीपांडे सर होते. बोलण्याआधी दातांच्या फटीतून "च्यक्" असा आवाज काढत, आणि मग हवेत चिमूट धरून म्हणत, "वस्तू नको, बाई. फॉर्म. मला फॉर्म दाखवा." पोरं कॅन्टीनमध्ये चहा मागतानाही चिमूट धरायची: "च्यक्. बशी नको. फॉर्म दाखवा."

गोपिकेने पहिल्याच वर्षी मातीचा घोडा केला. मातीच्या पोटात हवा कोंडली आणि विस्तव एकदम लागला की भट्टीत ती फुटते, हे सरांनी सांगितलं होतं. तिने ऐकलंही होतं. पण पोकळ घोडा पळेल कसा, असं तिच्या मनाने घेतलं, आणि तिने पोट गच्च भरलं. भट्टीतून आधी "टिक्" असा बारीक आवाज आला. मग "फट्". दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर आत घोडा नव्हता, घोड्याची दाळ होती.

बाकीच्यांनी हळहळून घेतलं. गोपिका खाली बसली आणि तुकडे ओच्यात वेचू लागली. आठवडाभराने तिने तेच तुकडे सायकलच्या चेनीला तारेने बांधून वर्गात उभे केले. घोडा आता घोड्यासारखा राहिला नव्हता, पण कुठून तरी जोरात पळून आल्यासारखा दिसत होता.

सर त्याच्याभोवती फिरले. "हे काय आहे?"

"फुटला होता सर, तं बांधला."

"च्यक्. बांधला." सर पुन्हा एक फेरी फिरले. "कोणी सांगितलं बांधायला?"

"कोणी नाही."

"मग बांधत चला," सर म्हणाले, आणि जाता जाता वळून, "पण फॉर्म!"

तिथून तिला मोकळं रान मिळालं. रविवारी ती इतवारीत भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत फिरायची. तिथे चेपलेली झाकणं, फुटक्या पराती, हातगाड्यांची मोडकी चाकं यांचे ढीग असत. घरी येताना तिची पिशवी खणखण वाजे आणि मावशी दारातूनच विचारी, "आणला काय लोकाइचा कचरा? तुह्या मायनं तुले इथी शिकाले पाठवलं का भंगार गोया कराले?"

"शिकूनच राहिली मावशी."

"काय शिकून राहिली? भंगाराची एम. ए.?"

दुसऱ्या वर्षी खरी कसोटी आली. पोळा झाल्यावर कॉलेजात पाहणी होणार होती. प्रत्येकाने एक मोठं, स्वतःचं काम मांडायचं. मुंबईचे परीक्षक पाहणार आणि कोण मूर्तिकलेत जाईल ते ठरवणार. बाकीच्यांनी ड्रॉइंग टीचरच्या वर्गात बसायचं. ड्रॉइंग टीचरांशी गोपिकेचं काही वाकडं नव्हतं. पण तिला स्वप्नात फळा दिसायचा, फळ्यावर आंबा, शेजारी कापलेला आंबा, आणि हे आंबे निवृत्त होईपर्यंत पिकतच नव्हते. मूर्तिकला मिळाली नाही तर आपण त्या फळ्यासमोरच म्हातारं होणार, हे तिने पक्कं ओळखलं होतं.

मावशीच्या परसात एक रिकामा गोठा होता. तिथे विंचू निघतात म्हणून मावशी पाय ठेवत नसे. गोपिकेला अशीच जागा हवी होती. तिने हाक मारणारी बाई करायला घेतली. हातगाडीचा लोखंडी आख हा कणा. जिनिंगच्या दातेरी चकत्या एकावर एक लावून बरगड्या. गळ्यात सायकलची चेन. अंगावर गोणपाटाचं लुगडं, डोक्यावर सुतळीचे केस. हात काही जमेनात. काठी लावली की बुजगावणं दिसे, तार लावली की तार दिसे. मग एका दुपारी तिची नजर दाराआडच्या मावशीच्या छत्रीवर गेली. कापड फाटलेलंच होतं. काड्या मात्र उघडल्या की बोटं फाकावीत तशा फाकत होत्या.

छत्री नाहीशी झाल्याचा आळ शेजारच्या पार्वतीबाईंवर आला. "त्या दिवशी दही मांगाले आली होती, तवाच नेली!" मावशी भिंतीशी उभी राहून भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल असं मावसाजींना सांगायची. मावसाजी म्हणायचे, "बरं." गोपिका गोठ्यात जीभ चावून बसायची.

आणि मग तोंड. ते तिने भाजक्या मातीचं केलं, आत पोकळ, धडा शिकून. कोणाचं करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. पण दिवसभर कानात एकच आवाज असला की बोटं काय करणार? भट्टीतून निघालं तेव्हा ते साक्षात मावशीचं तोंड होतं. ताणलेला जबडा, पुढच्या दातांतली फट, हनुवटीवरचा मस, हाक मारताना फुगणारी गळ्याची शीर. तोंडाच्या आत तिने लाल झिलई लावली होती, नुकतं पान खाल्ल्यासारखी. ती पहिल्यांदा पिकलीच नाही म्हणून पुन्हा भाजावं लागलं. सर म्हणाले, "च्यक्," आणि बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिले. गोपिकेने मात्र घरी आणल्याबरोबर त्यावर गोणपाट गुंडाळलं. पाहणी होईपर्यंत मावशीला कळता कामा नये.

तेवढ्यात पोळा आला. पोळ्याला मावशीच्या दिराची बैलजोडी पूजेला यायची आणि रात्री गोठ्यात मुक्काम करायची. "गोठा रिकामा कर वं, बैल काय तुह्या भंगारावर बसतीन?" असा हुकूम सुटला. गोपिका आणि मावसाजींनी मिळून ती बाई गोणपाटासकट उचलली आणि पुढच्या दाराशी, ओट्याखाली उभी केली. गोपिका तशीच कवडूकडे गेली. कवडू इतवारीत हातगाडी ओढायचा, सणासुदीला मोहल्ल्याचा पुढारी व्हायचा.

"कवडूभाऊ, मारबत झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी या. दाराशी ठेवलं आहे ते कॉलेजात न्यायचं आहे. जपून बरं."

"टेंशन नाही घ्यायचं ताई. पोहोचून गेलं समजा."

आता मारबतीचं असं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत निघते, पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईचे भले मोठे पुतळे, आणि त्यांच्यासंगं गल्लोगल्लीचे बडगे निघतात. बडग्या म्हणजे पोरांनी चिंध्या, केरसुण्या, फुटके डबे, जे मिळेल त्यातून उभा केलेला पुतळा. साऱ्या गावाची इडा-पिडा त्याच्या अंगावर घालायची, मिरवायचा, आणि मोहल्ल्याबाहेर नेऊन जाळायचा. घराघरांतून त्यासाठी मोडकंतोडकं दाराशी काढून ठेवतात. मावशीनेही जुनी केरसुणी आणि फाटकं सूप ओट्याखाली ठेवलं. संध्याकाळी कवडू दिसला तशी ओट्यावरूनच सांगितलं, "कवडू गा, उद्या पहाटे दाराशी ठेवलेलं सारं घेऊन जाय. काही ठेवू नको मांगं!"

कवडूला एकाच दाराचे दोन हुकूम झाले. ताईंचं काम परवाचं, मावशीचं उद्याचं. उद्याचं आधी करायचं, एवढं कोणालाही कळतं.

मारबतीच्या सकाळी गोपिका दात घासत ओट्यावर आली. ओट्याखाली काही नव्हतं. सुपाची एक काडी तेवढी पडली होती. तोंडातली राखुंडी तिने तशीच गिळली.

"मावशीऽ! इथी ठेवलं होतं ते कुठी गेलं?"

"गेलं ना!" मावशी खुशीत होती. "कवडू अन् पोट्टे घेऊन गेले. मीच सांगतलं. अन् काय सांगू तुले, भल्ले खूश झाले! म्हणे, मावशी, तुमी तं रेडीमेड बडग्या दिला, कुठीच नाही असा. मी म्हणलं, न्या बाबू, सारं न्या."

"तो बडग्या नव्हता मावशी! ते माहं काम होतं! उद्या पाहणी आहे!"

"काम?" मावशी थबकली. "मंग कामासारखं ठेवाव ना वं! गोणपाटात गुंडाळून केरसुणीपाशी ठेवते, मंग मले काय सपन पडते?"

गोपिका चपला घालेपर्यंत मावशीही पदर खोचून तयार होती. वाटेत पार्वतीबाई दिसल्या. त्या इतवारीतून मिरवणूक बघून परतत होत्या, आणि हसून हसून त्यांच्याने चालवत नव्हतं. मावशीला पाहून तर त्या विजेच्या खांबाला टेकल्या.

"काय झालं वं दात काढाले?" मावशी म्हणाली.

"काही नाही वं तुळसा. जाय, पाहय जाऊन. मी बी येतो पुन्हा. हे काही एका डावात पाहण्यासारखं नाही."

इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. गच्च्यांवर माणसं, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आरोळी, "घेऊन जा गेऽऽ मारबत!" कोपऱ्यावर सक्करदऱ्याच्या पोरांची हातगाडी अडकून उभी होती. तिच्यावर गोपिकेची बाई. गोणपाट सोडलेलं, तोंड उघडं. छत्रीच्या काड्यांच्या बोटांत पोरांनी रॉकेलचा रिकामा डबा अडकवला होता आणि पोरं बाईच्या वतीने घसे ताणून राहिली होती:

"रॉकेलच्या लाईनी, साखरेच्या लाईनी, घेऊन जा गेऽऽ मारबत!"

गोपिका गर्दीतून घुसली. "थांबवा, ते माझं आहे" हे शब्द ओठांवर आणूनच घुसली होती. पण आजूबाजूचं कानावर पडायला लागलं आणि शब्द तिथेच राहिले.

"अबे पाहय, पाहय! कशी बोंबलून राहिली!"

"अजी, ह्या जिनिंगच्या चकत्या आहेत ना? बाप रे, बरगड्या करून टाकल्या!"

"अन् हे सायकलची चेन! मंगळसूत्र घातलं बे तिले!"

"बोटं तं पाहय. हे छत्री आहे गा. कोण्या पोट्ट्याचं डोकं आहे हे?"

कॉलेजात लोक कामासमोर हाताची घडी घालून उभे राहतात आणि "हं" म्हणतात. इथे कोणी घडी घातली नव्हती. माणसं बोट लावून बघत होती, एकमेकांना ढकलून दाखवत होती. आणि मग एका संत्र्यांच्या टोपलीवालीने त्या उघड्या लाल तोंडाकडे पाहिलं आणि आपोआप, अगदी शेजारणीला द्यावी तशी, "ओऽऽ! आली बाई, आली!" अशी ओ दिली. सारी गल्ली हसली. गोपिकेने महिनोन् महिने हाक घडवली होती, आणि आज तिला कोणी तरी ओ दिली होती.

"हे…" मागून आवाज आला. बारीक आवाज. मावशीचा बारीक आवाज गोपिकेने पहिल्यांदा ऐकला. "हे कोण आहे?"

"अवं तुळसा," पार्वतीबाई येऊन पोहोचल्याच होत्या, "तू तं इथी उभी आहेस. मंग ते वरती कोण चढली वं?"

मावशीने वर पाहिलं. मस पाहिला, शीर पाहिली. स्वतःच्या दातांतल्या फटीवरून जीभ फिरवली. मग तिची नजर खाली बोटांवर आली.

"माही छत्री!"

"पाह्यलं? पाह्यलं साऱ्याइनं?" पार्वतीबाईंनी गर्दीकडे वळून हात वर केले. "दह्याच्या वाटीवरून माह्यावर आळ घेत होती हे बाई!"

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, चांगलं हाक मारायचं असतं तसं, आणि ते सबंध उघडलं तेव्हा गर्दीला वरचं तोंड आणि खालचं तोंड एका रेषेत दिसलं. इतवारीत त्या दिवशी जो हशा पिकला तो काळी मारबत पुढे निघून गेली तरी ओसरला नाही.

"कवडू!" मावशी कडाडली. "उतरव मले खाली!"

कवडू खरंच अडचणीत आला. त्याने कान धरले, गोपिकेची माफी मागितली, मावशीच्या पाया पडला. पण मान हलवत राहिला. "मावशी, मारबतीच्या संगं निघालेलं परत नेता येत नाही. इडा-पिडा सारी त्याच्यावर बसली आता. मांगच्या साली त्या तिकडच्या गल्लीवाल्याइनं अर्धा बडग्या परत आणला, तं साऱ्या गल्लीले डोळे आले."

"घरात तं मी बी येऊ देत नाही," मावशी म्हणाली. डोळे आलेले तिने पाहिले होते. "पण जाळायचं बी नाही! मी जित्ती असून मले जाळता काय रे?"

"मंग करू काय? अधांतरी टांगू?"

सगळे गोपिकेकडे पाहू लागले. ती रडेल असं सगळ्यांना वाटत होतं आणि तिलाही तसंच वाटत होतं. उद्या पाहणी. बाई घरी जाऊ शकत नाही, मोहल्ल्यातून जाऊ शकत नाही, न जळता कुठेच जाऊ शकत नाही.

मावशीने तोवर दुसरा धागा धरला. "अन् काय वं, हे माहं तोंड तू केलं कुठी?"

"कॉलेजात."

"लोकाइच्या समोर? भट्टीत घातलं माहं तोंड?"

"घातलं. झिलई पिकली नाही म्हणून पुन्हा घातलं."

"पुन्हा!" मावशीने कपाळावर हात मारला. "इतक्या डाव भाजून बी मेलं नाही हे तोंड?"

गोपिकेने मावशीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. गोणपाट जळेल, सुतळी जळेल. लोखंडाला काय होणार? आणि भाजक्या मातीला? एकदम जाळ लागला तर काय होतं ते तिने घोड्याच्या वेळी पाहिलं होतं. पण हळूहळू लागला तर?

"जाळा," ती म्हणाली. "पण मी सांगते तसं."

सक्करदऱ्याबाहेर, नाल्यापलीकडच्या मैदानात दुपारी सगळा मोहल्ला जमला. बडग्या कसा जळायला पाहिजे? गवत लावलं, काडी ओढली, भडका, आरडाओरडा, संपलं. गोपिकेने गवताला हात लावू दिला नाही. बाईपासून हातभर लांब गोवऱ्यांचं कडं केलं आणि ते नुसतं धुमसू दिलं. मग कडं वीतभर आत. मग आणखी आत, रचत रचत तोंडापर्यंत. पोरं कंटाळली.

"ताई, हा बडग्या आहे का चुलीवरचा वरणाचा गंज? किती वेळ शिजवता?"

"हळूच. जाळ नाही करायचा."

"आजवर असा बडग्या नाही पाह्यला गा. याले तं लोरी म्हणाले पाहिजे."

धूर गोल गोल वर चढत होता. सुतळीचे केस गेले, गोणपाटाचं लुगडं ठिणग्या होऊन गेलं, आणि आतल्या बरगड्या उघड्या पडल्या. तोंडाभोवती गोवऱ्या ढासळल्या तेव्हा आतून आवाज आला: "टिक्."

गोपिकेचे दोन्ही हात छातीशी गेले. तिने तो आवाज ओळखला. "फट्" ची वाट पाहत ती उभी राहिली. मावशीनेही आपलं तोंड घट्ट मिटलं, जणू तेवढ्याने वरचं वाचणार होतं. फट् काही आलं नाही.

विस्तव मंदावला. बडग्या जळला की त्यावर पाणी ओतायचं आणि मागे न बघता घरी जाऊन आंघोळ करायची, ही रीत. कवडूने रीतीप्रमाणे बादली भरून आणली होती आणि तो उचलूनच येत होता. गोपिका दुसऱ्या बाजूला होती. तापलेल्या मातीवर गार पाणी! ती "नाही, नाही" म्हणत धावली, पण मध्ये राखेचं कडं होतं आणि तिचा आवाज मुळातच लहान.

तेव्हा मोहल्ल्याने तिसरी हाक ऐकली.

"कवड्याऽऽऽऽऽ!"

बादली कवडूच्या हातून सुटली आणि सगळी त्याच्याच पायांवर सांडली. तलावाच्या पलीकडे धोब्याने ओ दिली. झाडावरचे बगळे उडाले. मावसाजी मैदानाच्या टोकाला विडी ओढत होते, ते उठून उभे राहिले आणि "बरं, बरं, बरं" म्हणाले.

"पाणी टाकतं माह्या तोंडावर?" मावशी म्हणाली, आता साध्या आवाजात. "थंडं होऊ दे त्याले आपल्या मनानं."

राख निवेपर्यंत गोपिका तिथेच बसली. मावशीने घरून पोळ्याची उरलेली पुरणपोळी आणली आणि शेजारी बसून, आपल्याच तोंडाकडे पाहत, अर्धी स्वतः खाल्ली. ऊन उतरल्यावर गोपिकेने फडक्याने राख झाडली. कानामागे एक बारीक तडा गेला होता, तेवढाच. मातीचा चेहरा धुराने काळा झाला होता, कुठे गडद, कुठे विरळ, गालावर एक तांबडा पट्टा तसाच. तोंडाच्या आत फडकं फिरवलं तर लाल झिलई पहिल्यासारखी चमकली. लुगड्याशिवाय ती बाई उंच वाटत होती. आपण तिला कपडे उगीच घातले होते, असं गोपिकेला वाटलं.

"आता चालते न्याले," कवडू ओले पाय झटकत म्हणाला. "इडा-पिडा जळली. राहिली ते नुसती मावशी." आणि त्याने बाई बाहेरच्या रस्त्याने, मोहल्ल्यात चाक न घालता, कॉलेजात पोहोचवली.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे परीक्षक त्या बाईसमोर आले. शब्द तोंडात घोळवून घोळवून सोडणारे गृहस्थ. "हा जो… काळा आहे ना… हा अतिशय… अं… हा मुद्दाम साधलात?"

"नाही सर. मारबतीसंगं जाळलं."

परीक्षकांनी पांढरीपांडे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "च्यक्," आणि त्याच्यापुढे काहीच आलं नाही. फॉर्मसुद्धा नाही. वर्गातल्या पोरांनी हे पुढे कित्येक दिवस एकमेकांना सांगितलं.

परीक्षक वाकून तोंडाच्या आत बघत होते, तेवढ्यात दारातून नव्या लुगड्यातली मावशी आली. परीक्षक सरळ झाले. त्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"ते मीच आहे," मावशी म्हणाली. "पण पोट्टीनं नाक जरा मोठं केलं."

"नाही हो बाई," परीक्षक बरंच निरखून म्हणाले, "नाक… अगदी… बरोबर आहे."

मूर्तिकलेच्या यादीत गोपिकेचं नाव लागलं. पुढच्या रविवारी बापूजी सावनेरहून बसने आले. त्यांना कॉलेजात नेलं तर ते मावशीच्या तोंडाला हसले नाहीत. बरगड्यांवर हात फिरवत राहिले. "हे तं आपल्या जिनिंगचं आहे."

"हो बापूजी. आपल्याच गावचं."

"मंग तू शाळेत नाही लागत ड्रॉइंगवर?"

"नाही."

बापूजींनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "दुपारचं जेवाले नाही येणार म्हणजे."

"दिवाळीला येईन. अन् पोळ्याला. चकत्या वेचाले."

"वेचून ठेवतो मी," बापूजी म्हणाले. "बाद झालेल्या लई पडतात तिथी." आणि परत जाताना बसस्टॅंडपर्यंत तेही मान खाली घालून चालले.

बाई कॉलेजच्या आवारात राहिली. गोपिका सक्करदऱ्यातच राहिली. शिकणं संपल्यावर तिने गोठ्यात स्वतःची भट्टी घातली. विंचवांनी धुराला कंटाळून जागा बदलली. मावशी आता गोठ्यात बिनधास्त येते, आणि हाक मारायची गरज नसली तरी मारते. नवी छत्री मात्र ती कुलपात ठेवते.

मोहल्ल्याला एक सवय लागली. पोळा जवळ आला की माणसं गोठ्यासमोरून तोंड मिटून, नजर चुकवून जातात, कोण जाणे या वर्षी पोरीच्या बोटांत कोणाचं तोंड बसेल. कवडू तर चक्क मान फिरवून हातगाडी ओढतो. एकट्या पार्वतीबाई तेवढ्या रोज दुपारी येतात, दही मागायच्या निमित्ताने दारात उभ्या राहतात, आणि पदर सारखा करून म्हणतात,

"काय वं गोपे, माह्या तोंडात काय खोट आहे?"